घरी शिकणाऱ्या मुलाने हायस्कूलचे फक्त दोन तास घ्यावेत का?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिअ‍ॅटलजवळच्या एका उपनगरात राहणाऱ्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा पाचवीपासून घरीच शिकतो, आता चौदा वर्षांचा आहे आणि येत्या सप्टेंबरात नववीला लागेल. त्याला रसायनशास्त्र खऱ्या प्रयोगशाळेत शिकायचे आहे आणि तो व्हायोलिन वाजवत असल्याने शाळेच्या ऑर्केस्ट्रात बसायचे आहे. बाकीचे विषय घरीच चालू ठेवायचे आहेत. जवळचे सरकारी हायस्कूल त्याला केवळ दोन तासांसाठी घेईल का? शेवटी डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र, कोण देणार, आणि विद्यापीठे हे सगळे मानतील का? एवढी यातायात करण्यापेक्षा त्याला सरळ पूर्णवेळ शाळेत घाला, असे आजी-आजोबा पुण्याहून सांगतात, ते बरोबर आहे का?

मी याच राज्यातल्या सरकारी हायस्कुलांत पंधरा वर्षांहून अधिक काळ समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि दरवर्षी अशी काही मुले माझ्या यादीत असतात. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि ते कोणा मुख्याध्यापकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. वॉशिंग्टनमध्ये गृहशिक्षणाला १९८५ साली कायद्यात स्वतंत्र स्थान मिळाले. अर्धवेळ विद्यार्थ्यांविषयीचे कलम, म्हणजे राज्याच्या संहितेतले २८ए.१५०.३५०, असे सांगते की घरी शिकणाऱ्या मुलाला आपल्या डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, शाळेत एखाद-दुसरा विषय घ्यायचा असेल, तर डिस्ट्रिक्टने त्याला इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच प्रवेश द्यावा. अट एवढीच की ते मूल त्या डिस्ट्रिक्टमध्ये पूर्णवेळ प्रवेशालाही पात्र असले पाहिजे. ‘इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच’ या शब्दांत हक्क आहे तशी मर्यादाही आहे: वर्ग भरला असेल तर तो सगळ्यांसाठीच भरलेला असतो, आणि एखाद्या विषयाआधी दुसरा विषय पूर्ण झालेला असावा अशी अट असेल तर ती तुमच्या मुलालाही लागू होते.

तुमच्या न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी कदाचित याच्या अगदी उलट सांगितले असेल, आणि तेही खोटे नसेल. तिथे घरी शिकणाऱ्या मुलाला वर्गात घ्यायचे की नाही, हे स्थानिक शाळामंडळ ठरवते. पेनसिल्व्हेनियात २०२२ सालच्या ५५ क्रमांकाच्या कायद्याने २०२३-२४ पासून शालेय दिवसाच्या एक चतुर्थांशापर्यंत विषय घेण्याची मुभा दिली. ओक्लाहोमातल्या गथ्री गावच्या डिस्ट्रिक्टने घरी शिकणाऱ्या एका मुलीला काही तासांपुरता प्रवेश नाकारला, तेव्हा ते प्रकरण संघराज्याच्या दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयापर्यंत गेले आणि १९९८ साली निकाल शाळेच्या बाजूने लागला. पालकांना मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरवण्याचा हक्क असला, तरी सरकारी शाळेतले आपल्याला हवे तेवढेच तास निवडण्याचा हक्क राज्यघटना देत नाही, असा त्याचा आशय होता. त्या वादाच्या मुळाशी पैसा होता. अर्धवेळ मुलामागे राज्याचे अनुदान मिळत नव्हते, म्हणून डिस्ट्रिक्ट नकार देत होते. वॉशिंग्टनमध्ये मूल जितका वेळ वर्गात बसते तितक्या अंशाचे अनुदान डिस्ट्रिक्टला मिळते, म्हणून आपण शाळेवर भार टाकत आहोत असा संकोच तुम्ही मनातून काढून टाकावा. तो संकोच मला मराठी पालकांमध्ये विशेष दिसतो, आणि त्यापायी ते विचारायलाच उशीर करतात.

कागदपत्रांबाबत फार लिहीत नाही, कारण त्यातले बरेचसे तुम्ही करतच असाल. मूल घरी शिकणार असल्याचे कळवणारे, दरवर्षी १५ सप्टेंबरपर्यंत डिस्ट्रिक्टकडे द्यायचे इरादापत्र अर्धवेळ प्रवेशानंतरही द्यावे लागते. वार्षिक चाचणीचे किंवा प्रमाणित शिक्षकाने केलेल्या मूल्यमापनाचे कागद घरीच जपायचे असतात. लसीकरणाची नोंद मात्र शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी लागते आणि ती वैद्यकीयदृष्ट्या पडताळलेली असावी लागते. गोवराच्या लशीला वैयक्तिक मतभेदाच्या कारणाने मिळणारी सूट या राज्याने २०१९ मध्ये काढून टाकली आहे. मुलाचा जन्म भारतातला असेल तर जुने कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जुलैतच जावे, कारण कांजिण्यांची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात नसल्याने अनेकदा तिथेच अडते.

एका ठिकाणी मात्र सावध राहावे. प्रवेशाच्या खिडकीवरचे कर्मचारी पुष्कळदा चांगल्या हेतूने पालकांना डिस्ट्रिक्टच्या पालक-सहभाग कार्यक्रमाकडे वळवतात, ज्यात मूल बराच वेळ घरी शिकते आणि आठवड्यातून काही दिवस केंद्रावर जाते. असे काही कार्यक्रम उत्तम आहेत. पण कायद्याच्या दृष्टीने तिथे मूल सरकारी शाळेचे विद्यार्थी होते, त्याची लेखी अभ्यासयोजना प्रमाणित शिक्षकाच्या देखरेखीखाली चालते, आणि काय व कसे शिकवायचे याचा शेवटचा शब्द तुमचा राहत नाही. तुम्हाला हवे आहे ते हे नव्हे. म्हणून अर्जावर ‘घरी शिकणारा अर्धवेळ विद्यार्थी’ असे स्पष्ट लिहावे आणि दिलेल्या प्रत्येक फॉर्मवर नेमके काय लिहिले आहे हे वाचूनच सही करावी.

आता विषयांच्या निवडीकडे येते, कारण सगळे यशापयश इथेच ठरते. माझे मत ठाम आहे: जे घर देऊ शकत नाही तेवढेच शाळेकडून घ्यावे. या कसोटीवर तुमच्या मुलाच्या दोन्ही निवडी योग्य आहेत. रसायनशास्त्रातले आम्ल-आम्लारी घरच्या ओट्यावरही समजावता येतात. पण ब्युरेटमधून एकेक थेंब सोडताना रंग पालटण्याच्या आधी हात थांबवणे, वापरलेले द्रावण कुठे टाकायचे हे पाळणे, जोडीदाराचे वाचन आपल्याशी जुळले नाही तर पुन्हा मोजणे आणि चुकलेला प्रयोगही वहीत प्रामाणिकपणे नोंदवणे या सवयी प्रयोगशाळेतच लागतात. शिवाय या राज्यातली सरकारी विद्यापीठे प्रवेशासाठी प्रयोगशाळेसह विज्ञान मागतात, आणि घरच्या गुणपत्रकातली हीच ओळ सिद्ध करणे पालकांना सगळ्यांत जड जाते. ऑर्केस्ट्राबद्दल तर वाद नाही; चाळीस जणांत आपला सूर मिळवणे घरी एकट्याने शिकता येत नाही.

मात्र नववीतच रसायनशास्त्र मिळेल असे गृहीत धरू नये. बऱ्याच शाळांत नववीला जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्र असते, रसायन दहावीत येते, आणि त्याआधी बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण झालेला असावा लागतो. मुलाचे बीजगणित झाले असेल तर पाठ्यपुस्तकाचे नाव, सोडवलेल्या चाचण्या आणि शक्य असल्यास एखाद्या प्रमाणित चाचणीचा निकाल सोबत न्यावा. तरीही शाळेने नाही म्हटले, तर या वर्षी फक्त ऑर्केस्ट्रा घ्यावा आणि रसायन पुढच्या वर्षी. एकच तास घेणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

गणित शाळेत घेण्याचा मोह पालकांना फार होतो, कारण त्याने आपण मागे नाही याची खात्री पटते. मी सहसा तो सल्ला देत नाही. घरी शिकणाऱ्या मुलाला मिळणारा सगळ्यांत मोठा लाभ स्वतःच्या गतीचा असतो आणि तो गणितात सर्वाधिक उपयोगी पडतो. अडले तिथे दोन आठवडे थांबायचे आणि समजले की दोन प्रकरणे एका आठवड्यात संपवायची, हे तीस जणांच्या वर्गात शक्य होत नाही. इंग्रजी आणि इतिहासही वाचणाऱ्या घरात चांगले होतात. परभाषेचा विचार वेगळा आहे. विद्यापीठांना एकाच परभाषेचे दोन क्रेडिट हवे असतात (वर्षभराचा एक विषय पूर्ण केला की एक क्रेडिट), आणि या राज्यात भाषेचे ज्ञान चाचणीने सिद्ध करून हायस्कूलचे क्रेडिट मिळवण्याची सोय आहे. मुलगा मराठी वाचत आणि लिहीत असेल तर डिस्ट्रिक्ट मराठीसाठी कोणती चाचणी मान्य करते, हे याच भेटीत विचारून घ्यावे. मुलाला देवनागरी वाचता येत असूनही कुणी विचारलेच नाही म्हणून स्पॅनिशची दोन वर्षे करावी लागली, असे घडलेले मी पाहिले आहे.

वेळापत्रकाची बाजू पालकांना बाहेरून दिसत नाही, म्हणून ती समजावून सांगते. हायस्कूलचे पुढच्या वर्षाचे वेळापत्रक ऑगस्टमध्ये तयार होत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास विद्यार्थी विषय नोंदवतात, त्या मागणीवरून कोणत्या विषयाच्या किती तुकड्या हे ठरते आणि मग तासिका बसवल्या जातात. जे ऑगस्टच्या शेवटी येतात त्यांना उरलेल्या जागा मिळतात. ऑर्केस्ट्रासारखा विषय दिवसातून एकदाच असतो, त्यामुळे तो खुंटा धरून रसायनाची तुकडी त्याला लागून मिळते का हे पाहावे लागते. एका मुलाला दुसरी आणि पाचवी तासिका मिळाली होती. अनेक शाळा अर्धवेळ मुलाला मधल्या वेळेत देखरेखीविना आवारात थांबू देत नाहीत, आणि शाळेची बस सकाळी व शाळा सुटतानाच धावते. त्यामुळे त्याच्या वडिलांना रोज चार फेऱ्या कराव्या लागत आणि डिसेंबरात त्यांनी दोन्ही विषय सोडले. त्या कुटुंबाला मी तासिका लागोपाठ मागायला सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, याची मला अजून खंत आहे. म्हणून तुम्हाला आग्रहाने सांगते: नोंदणीच्या वेळीच ‘लागोपाठ तासिका आवश्यक’ असे लेखी द्यावे, आणि शाळेत एक दिवसाआड लांब तासिकांची पद्धत असेल तर घरचा आठवडाही त्याप्रमाणे बेतावा.

गुणपत्रकाबाबत पालकांनी सर्वाधिक विचार करावा असे मला वाटते. शाळेत घेतलेल्या विषयाचा गुण शाळेच्या अधिकृत नोंदीत कायमचा राहतो. पूर्णवेळ मुलाच्या सरासरीत सहा विषय असतात, त्यामुळे एखादा ‘सी’ त्यात बुडून जातो. तुमच्या मुलाच्या शाळेच्या नोंदीत दोनच विषय असतील आणि तो एक ‘सी’ म्हणजे अर्धी सरासरी. याने घाबरून जाऊ नये, पण विषय नोंदीशिवाय सोडण्याची अंतिम तारीख कोणती, हे पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर लिहून ठेवावे. घरच्या विषयांचे गुणपत्रक तुम्हीच तयार करायचे असते. कॉमन अ‍ॅपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर, अर्ज करताना घरी शिकणाऱ्या मुलाचे पालकच समुपदेशकाची भूमिका बजावतात आणि शाळेचा अहवाल भरतात. त्याला शाळेची दोन विषयांची नोंद स्वतंत्रपणे जोडली जाते. विद्यापीठांना ही पद्धत नवी नाही. तुम्ही घरी दिलेला ‘ए’ आणि रसायनाच्या शिक्षकांनी दिलेला ‘ए’ एकमेकांना दुजोरा देतात, हा या दोन तासांचा फार मोठा फायदा आहे. कुटुंबाबाहेरच्या शिक्षकाचे शिफारसपत्रही त्यातूनच मिळते, आणि ज्या शिक्षकाने मुलाला वर्षभर चुकताना व सुधारताना पाहिले आहे त्याच्या पत्राचे वजन वेगळेच असते.

डिप्लोमाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. वॉशिंग्टनमध्ये शाळेच्या डिप्लोमासाठी २४ क्रेडिट लागतात; वर्षभर दोन विषय घेऊन वर्षाला दोन क्रेडिट होतात, म्हणजे त्या वाटेने तो मिळणार नाही. घरी केलेल्या अभ्यासाला क्रेडिट द्यायचे की नाही हे शाळा ठरवते आणि ती सहसा हात राखूनच देते. त्यामुळे अर्धवेळ विद्यार्थ्याला बहुतेक वेळा पालकांनी दिलेलाच डिप्लोमा असतो, आणि अमेरिकेतल्या बहुसंख्य विद्यापीठांना तो चालतो. मात्र तुमचे कुटुंब दोन-तीन वर्षांत भारतात परतण्याची शक्यता असेल तर विचार बदलावा लागेल. परदेशातल्या बारावीला समकक्षता देताना भारतीय विद्यापीठ संघ संस्था मान्यताप्राप्त आहे का हे पाहतो, आणि पालकांनी दिलेल्या कागदावर तिथे अडचण येऊ शकते. अशा कुटुंबांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएसचा, किंवा महाराष्ट्रात सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसण्याचा पर्याय आधीच तपासावा.

इथेच राहणार असाल तर अकरावीपासून रनिंग स्टार्टची वाट खुली होते. अकरावी-बारावीची मुले कम्युनिटी किंवा टेक्निकल कॉलेजात शिकवणी शुल्काशिवाय विषय घेऊ शकतात. पुस्तके, किरकोळ शुल्क आणि प्रवास यांचा खर्च मात्र स्वतःचा. कॉलेजचे पाच क्रेडिट म्हणजे हायस्कूलचे एक. घरी शिकणाऱ्या मुलालाही ही सोय डिस्ट्रिक्टमार्फत मिळते, आणि त्यातून असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी पूर्ण केली तर लेखी विनंतीवरून कॉलेज हायस्कूलचा डिप्लोमाही देते. नववी-दहावीत शाळेचे दोन तास आणि अकरावीपासून कॉलेज, हा क्रम मला घरी शिकणाऱ्या अनेक मुलांसाठी योग्य वाटत आला आहे.

तुमचा मुलगा एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकाच्या मुलांना मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर सरकारी शाळेतल्या प्रवेशाला त्याने बाधा येत नाही, पण व्यवसायशिक्षणातल्या पगारी उमेदवारीसारख्या गोष्टी त्याला करता येणार नाहीत.  हे मुलाला आधीच सांगावे. ऐन वेळी कळले तर मुले फार दुखावतात.

शेवटी मुलाच्या बाजूने पाहू. अर्धवेळ मुलाची खरी अडचण अभ्यासात क्वचितच येते. घरी विषय समजला की थांबण्याची सवय असते. वर्गात घंटा झाली की अर्धा राहिलेला विचार सोडून उठावे लागते, आणि समजलेल्या गोष्टीचीही वही ठरलेल्या दिवशी द्यावी लागते. हे जमायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि तोवर घरचा अभ्यास थोडा कमी ठेवावा. दुसरी गोष्ट जास्त जिव्हारी लागते. शाळेच्या सूचना सकाळच्या मार्गदर्शन-तासिकेत दिल्या जातात, आणि अर्धवेळ मूल तिथे नसते. छायाचित्रांचा दिवस, अकरावीतल्या पीएसएटी परीक्षेची नोंदणी, मे महिन्यातल्या एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीवरच्या, परीक्षांची शरदातच होणारी मागणी यांतले काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि हळूहळू त्याला वाटू लागते की मी इथला नाही. माझ्याकडची एक मुलगी पहिले दीड महिना रसायनाचा तास संपला की थेट आईच्या गाडीत जाऊन बसत असे. मग तिला एका मार्गदर्शन-तासिकेच्या यादीत घातले, सूचना मिळू लागल्या, आणि प्रयोगातल्या जोडीदारिणीने तिला जेवणाच्या सुट्टीत थांबवून घेतले. तुम्हीही मुलाचे नाव अशा यादीत आणि ईमेलच्या गटात घालायला पहिल्याच दिवशी सांगावे. जेवणाची सुट्टी त्याच्या दोन तासांना लागून असेल तर आठवड्यातून दोनदा तरी त्याला तिथे थांबू द्यावे.

आजी-आजोबांची काळजी मी हलकी मानत नाही. नातू इतर मुलांपासून तुटेल आणि पुढे कागद कमी पडतील, ही त्यांची भीती आहे, आणि वर लिहिलेले बरेचसे त्या दोन भीतींचेच उत्तर आहे. पूर्णवेळ शाळेचा पर्याय मात्र मनात असेल तर तो निर्णय दहावीच्या आरंभापूर्वी घ्यावा, कारण त्यानंतर घरच्या वर्षांचे क्रेडिट न मिळाल्यास मुलगा वयाने पुढे आणि नोंदीत मागे अशा स्थितीत येतो. नववीचे दोन तास हा निर्णय घ्यायला पुरेशी माहिती देतात. वर्षाअखेर मुलगा शाळेतून घरी कोणत्या चेहऱ्याने येतो हे तुम्हाला कळलेले असेल.

आता जानेवारी चालू आहे, म्हणून या आठवड्यात दोन ईमेल जाव्यात. एक तुम्ही हायस्कूलच्या समुपदेशन विभागाला लिहावी: मुलगा घरी शिकतो, आमच्या डिस्ट्रिक्टचा रहिवासी आहे, सप्टेंबरापासून अर्धवेळ विद्यार्थी म्हणून हे दोन विषय लागोपाठ तासिकांत हवे आहेत, आणि नोंदणीसाठी कधी यावे. दुसरी ईमेल ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना जावी, आणि ती मुलाने स्वतः लिहावी. कोणत्या गटासाठी निवडचाचणी असते, कोणता तुकडा वाजवावा लागतो आणि वसंतातल्या एखाद्या सरावाला येऊन मागे बसून ऐकता येईल का, एवढेच त्यात विचारावे.